सून सांगते तेही कागदावर घ्या : नागपुरातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर,

माझ्या सासूबाईंचा एक मोरपंखी ब्लाउज मी जपून ठेवला आहे. उलटा करून पाहिला तर बाजूच्या शिलाईला टिपेच्या तीन ओळी दिसतात. पहिली मूळची, ३६ छातीची. तिच्या आत अर्ध्या इंचावर दुसरी, म्हणजे ३४. तिच्याही आत तिसरी, ३२. तिन्ही त्यांनीच मारलेल्या, पायाच्या मशीनवर. पहिल्या दोन फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. तिसरी नागमोडी गेली आहे, मध्ये दोन ठिकाणी सुटली आहे आणि तिचा दोरा चक्क तपकिरी आहे. पस्तीस वर्षं नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज शिवलेली ही बाई. मॅचिंग दोरा मिळाला नाही तर इतवारी बाजारात दोन फेऱ्या मारेल, पण वेगळा रंग लावणार नाही.

शिवणकामात बाजूला जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे त्यांनीच मला लग्नानंतर शिकवलं. त्या ब्लाउजची माया संपली तेव्हा आम्ही जागे झालो. त्याआधी आठ महिने आम्ही तुमच्याकडे येत होतो.

हे पत्र कोणा एका डॉक्टरला नाही. महाल, नंदनवन, सक्करदरा, मानेवाडा, प्रतापनगर, जिथे म्हणून खाली मेडिकल स्टोअर आणि वर किंवा बाजूला तुमचा दवाखाना आहे, त्या सगळ्यांना आहे. नाव मी कोणाचंच घेणार नाही. सूड उगवायचा असता तर वेगळ्या कागदावर लिहिलं असतं. मी एका सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसते. वैद्यकीतलं मला जे काही कळतं ते या दोन वर्षांत रांगेत उभं राहून कळलेलं आहे, त्यामुळे चुकलंमाकलं तर तुम्ही दुरुस्त कराल. पण एक गोष्ट मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत होती आणि ती सांगायला मी तुमच्यासमोर बसले होते. ती कोणी लिहून घेतली नाही.

आई, म्हणजे सासूबाई, ७१ वर्षांच्या. शुगर बारा वर्षांपासून, बीपी त्याच्याही आधीपासून. स्वभावाने म्हणाल तर अस्सल महालच्या. बुधवारी बाजारात पावशेर आंबाडीच्या भाजीसाठी भाजीवाल्याशी वीस मिनिटं वाद घालतील आणि मग त्याच्याच पोराच्या शाळेची चौकशी करून येतील. घरात गिऱ्हाईक बाई आली की माप घेता घेता तिच्या माहेरची, सासरची, नणंदेची सगळी खबर घेऊन होत असे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा पुतळा, मिरवणुकीने निघते तेव्हा नातवंडांना घेऊन गर्दीत पुढे उभ्या. लोक ओरडतात, "इडापिडा घेऊन जा गे मारबत". आईंची मागणी ठरलेली असायची : "गुडघेदुखी घेऊन जाय वं मारबत!" आजूबाजूचे हसत. गुडघे काही गेले नाहीत, पण मागणी दरवर्षी होती.

त्या वर्षी, २०२३ मध्ये, त्या गेल्याच नाहीत. नातू बोलवायला आला तर म्हणाल्या, "तुम्ही जा. मले काही पाहायचं नाही." बस, एवढंच. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातलं काम थांबलं. भांडल्या असत्या तर मला काही वाटलं नसतं.

त्याच्या आधीपासून सुरू होतं, हे आता उलटं मोजत गेल्यावर कळतं. उन्हाळ्यात एका बाईचा ब्लाउज त्यांनी उलट्या बाजूने कापला. बाई बोलली, तर आईंनी तिचं बाकीचं कापडही परत केलं, "नाही शिवत, जाय." मग कात्री हरवली. त्यांनी कामवालीवर आळ घेतला. कात्री त्यांच्याच उशाखाली निघाली, आणि त्यावर त्या लहान मुलीसारख्या रडल्या. भजनी मंडळ सुटलं. सांबारवडी त्यांच्या हातची, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, ती हिवाळ्यात एकदाही झाली नाही. मशीनसमोर बसायच्या, पाय न हलवता, चाकावर हात ठेवून, तासभर. पाटावरून उठताना जमिनीवर हात टेकायला लागल्या. ते आम्ही गुडघ्यांच्या खाती टाकलं. डिसेंबरात नागपूरची थंडी तुम्हाला माहीत आहे, आम्ही दुलईवर दुलई घेतलेली, आणि नेहमी सगळ्यांत आधी स्वेटर काढणाऱ्या आई एका पातळ चादरीवर. तेही आम्ही हट्टाच्या खाती टाकलं. घरात अशी बरीच खाती असतात.

आणि वजन? रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाचं वजन डोळ्यांना दिसत नाही हो. जेवण निम्म्यावर आलं होतं हे मला दिसत होतं. अर्धी पोळी, वरणाची वाटी तशीच. पण शरीर रोज थोडं थोडं जात होतं आणि साडी सगळं झाकते. दिवाळीला नणंदबाई पुण्याहून आल्या, आठ महिन्यांनी आईला पाहिलं आणि दारातच म्हणाल्या, "हिला जेवायला देता की नाही तुम्ही?" मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर पाहिलं त्यांनीच. शेजारच्या काकू मात्र कौतुकाने विचारायच्या, "आई बारीक झाल्या जी तुमच्या. वॉकिंग करून राहिल्या का?"

आता तुमच्याकडे येते.

पहिले डॉक्टर शुगरचे, बारा वर्षांपासूनचे. जुलैत गेलो. रिपोर्ट पाहून खूश झाले. "शुगर छान आहे. वजनही उतरलेलं दिसतं, उत्तम. असंच चालू ठेवा." दवाखान्यात वजनकाटा होता, कोपऱ्यात, त्यावर कंपन्यांच्या कॅलेंडरांचा गठ्ठा ठेवलेला. आईंना त्यावर कोणी उभं केलं नाही. किती उतरलं, कधीपासून, कशाने, हे प्रश्नच आले नाहीत, कारण उतरणं ही आनंदाचीच गोष्ट असं गृहीत होतं. चाळिशीतल्या माणसाने ठरवून, चालून, भात सोडून वजन उतरवलं तर पेढे वाटा. सत्तरीतल्या माणसाचं न ठरवता उतरलं तर तो रिपोर्ट चांगला कसा?

दुसऱ्या डॉक्टरांकडे मी धीर करून बोलले. आईंना बाहेर बसवलं आणि सांगितलं, "डॉक्टरसाहेब, आई पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. गप्प असतात, मध्येच चिडतात, संशय घेतात." ते हसले. वाईट हसू नव्हतं, चांगले गृहस्थ आहेत, पण हसले. म्हणाले, "अहो, सासू-सून आहे, चालायचंच. वय झालं की माणूस चिडचिडा होतो." टॉनिक लिहून दिलं. मी घरी आले आणि यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "आई चिडली तर तू गप्प बसत जा." दवाखान्यात आणि घरात मला एकच औषध मिळालं.

माझा सगळ्यांत मोठा राग इथे आहे, डॉक्टर. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाबरोबर दिवसाचे चोवीस तास कोण असतं? बहुतेक वेळा सून. पथ्य तिला माहीत, गोळ्या तिला माहीत, रात्री किती वेळा उठल्या ते तिला माहीत. मुलगा संध्याकाळी येतो आणि लेक फोनवर असते. म्हणजे जी साक्षीदार आहे तिची साक्ष आधीच खोटी ठरलेली, कारण ती सून आहे. आमच्या बँकेत सुद्धा शिपाई येऊन म्हणाला की अमुक खात्यावर काहीतरी गडबड वाटते, तर आम्ही आधी खातं उघडून पाहतो, शिपायाचं आणि खातेदाराचं पटतं का ते नंतर.

तिसऱ्या डॉक्टरांनी ऐकून तरी घेतलं. सासरे २०२१ मध्ये गेले, हे कळल्यावर म्हणाले, डिप्रेशन असू शकतं. त्यांना मी दोष देत नाही. म्हातारपणीचं डिप्रेशन असंच येतं, भूक जाते, वजन जातं, माणूस मिटतो, हे मी नंतर वाचलं. अंदाज वाजवी होता. पण गोळी चार महिने चालली आणि चार महिन्यांत एकदाही काट्यावर उभं केलं नाही, की गोळीने माणूस भरतोय की अजून उतरतोय. चौथ्यांनी विसराळूपणा धरला आणि मेंदूचा एमआरआय सांगितला. सात हजार रुपये. रिपोर्टमध्ये आलं की मेंदू वयोमानाप्रमाणे आकसला आहे. डिमेन्शियाची सुरुवात असेल, असं सांगितलं. तेही हवेत बोलत नव्हते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. आणि डिमेन्शियात विसरणं लक्षात यायच्या आधीच वजन उतरायला लागू शकतं, म्हणजे तिथेही काटा लागतोच. पण सात हजारांचा फोटो निघाला आणि तीनेकशे रुपयांची रक्ताची एक तपासणी राहून गेली.

ती मार्च २०२४ मध्ये झाली. एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत, सकाळी साडेआठपासून रांग लावून. सव्वा वाजता नंबर लागला. समोर शिकाऊ डॉक्टर मुलगी, वय असेल सत्तावीस, डोळ्यांखाली काळं, रात्रपाळी करून बसलेली असावी. तिने आईंना चप्पल काढून काट्यावर उभं केलं. साडेसेहेचाळीस किलो. मला विचारलं, आधी किती होतं? मला माहीतच नव्हतं. पिशवीतले सगळे कागद तिने टेबलावर पसरले आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या फिटनेसच्या कागदावर तिला सापडलं : फेब्रुवारी २०२३, ५८ किलो. बारा वर्षांच्या फायलीत वजनाचा आकडा असलेला तो एकच कागद. तोही डोळ्यांच्या दवाखान्यातला.

मग तिने मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट धरून ठेवलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे. तिने विचारलं, "यांच्यासोबत घरी कोण राहतं?" मी म्हटलं, मी. सून. "मग तुम्ही सांगा, काय बदललं आणि कधीपासून?" मी बोलत गेले, कात्री, कापड, मारबत, चादर. तिने लिहून घेतलं. चादरीवर तिचा पेन थांबला. तिने दुसऱ्यांदा विचारलं, "डिसेंबरात? नक्की?" इतक्या दिवसांत कोणी मला एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली, ही पहिली वेळ. दवाखान्यात रडू नये म्हणून मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत बसले.

थायरॉईड निघाला. कमी नाही, जास्त. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला सांगणारं संप्रेरक, जवळजवळ शून्य; थायरॉईड जास्त झाला की ते असं खाली जातं. डिसेंबरात पातळ चादर पुरणं ही त्याचीच खूण होती. नाडी अनियमित चालत होती, हृदयाचे वरचे कप्पे थरथरत होते, आणि त्या ठोक्यांनी पक्षाघाताचा धोका पाचपट होतो असं सांगितलं, तेव्हा खुर्चीत असून माझे पाय गार पडले. मला थायरॉईड वाढणं म्हणजे डोळे बाहेर, हात थरथरणं, धडपड, घाम एवढंच माहीत. आई तर उलट गप्प आणि संथ झाल्या होत्या. त्या मुलीने सांगितलं की म्हाताऱ्या माणसांत हा आजार असाच वेषांतर करून येतो. धडपड नाही, माणूस उदास, गप्प, भूक नाही, वजन जातं, मांड्यांतली ताकद जाते, आणि सगळे म्हणतात वय झालं. बॉस्टनच्या लेही नावाच्या सर्जनने १९३१ मध्येच हे लिहून ठेवलंय, असंही म्हणाली. त्रेण्णव वर्षं जुनी गोष्ट, आमच्या महालात पोचायला एवढा वेळ.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एका थायरॉईडवरून आम्हाला शिकवता. नाही. प्रत्येक घरात थायरॉईड निघणार नाही हे मला कळतं. आमच्याच गल्लीत एक निवृत्त रेल्वेवाले काका आहेत. माळ्यावरून पंखा काढताना डोक्याला टेंगूळ आलं, विसरून गेले. तीन आठवड्यांनी ते बायकोला ओळखीनासे झाले, शिवीगाळ करायला लागले. त्यांच्याकडे नजर काढून झाली, अंगारा झाला. डोक्यात हळूहळू रक्त साचलं होतं. भोक पाडून काढलं आणि काका पंधरा दिवसांत पुन्हा पेपर घेऊन ओट्यावर. दुसऱ्या एका आजींचं वजन कशाने जात होतं? कवळी. हिरडी आटली, कवळी सैल झाली, चावताना टोचे म्हणून त्या नुसता चहात बुडवून टोस्ट खात होत्या आणि लाजेने कोणाला सांगत नव्हत्या. त्यांचं तोंड उघडून कोणी पाहिलं नव्हतं. यात यंत्र लागत नाही, टॉर्च लागतो.

आणि गोळ्या. आईंच्या डब्यात मी मोजल्या, दिवसाला अकरा, चार डॉक्टरांच्या. शुगरची सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं आणि बी-१२ कमी झालं की विसर पडतो, स्वभाव बिघडतो. बीपीसाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीने रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि माणूस बरळतो. शुगरच्याच काही गोळ्यांनी भूक मरते किंवा वजन उतरतं. हे तुम्हाला मी सांगावं असं नाही, तुम्ही शिकलेले आहात. पण अकरा गोळ्या एका टेबलावर एकदम ओतून कोणी पाहिल्या नाहीत. प्रत्येकाने आपापली पट्टी पाहिली. टीबीसुद्धा म्हाताऱ्यांत कधी कधी खोकल्याविना नुसतं वजन नेतो. कर्करोगाचं नाव घरात कोणी काढत नाही, म्हणून तर तो तुम्ही काढायला हवा.

तर माझं मागणं. सहा महिने ते वर्षभरात शंभरातले पाच, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, न ठरवता गेले तर कारण शोधायचं, हा तुमच्याच पुस्तकातला नियम आहे असं मला त्या मुलीने सांगितलं. आईंचे शंभरातले वीस गेले. पण पाच मोजायला आधीचा आकडा लागतो. म्हणून साठीवरचं माणूस दारात आलं, भले सर्दीसाठी का असेना, त्याला काट्यावर उभं करा आणि आकडा तारखेसह चिठ्ठीवर लिहा. बीपी लिहिता त्याच्या शेजारी. तुम्हाला वेळ नसेल तर कंपाउंडरला सांगा. कॅलेंडरं दुसरीकडे ठेवा.

माझी मावशी अंगणवाडी सेविका होती, भंडाऱ्याकडे. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची योजना देशात सुरू झाली, मावशी दहाएक वर्षांनी लागली. तुळईला काटा टांगायचा, झोळीत पोर घालायचं, तक्त्यावर टिंब काढायचं. ती म्हणायची, एका महिन्याच्या टिंबाला काही अर्थ नसतो, रेघ कुठे चालली ते बघायचं. खाली वळली की घरी जायचं. पाच वर्षांपर्यंत आपल्याकडे माणसाची ही रेघ काढतात, आणि पुढे पासष्ट वर्षं कोणी टिंबसुद्धा देत नाही. पूर्वी निदान रेल्वे स्टेशनवर वजनाचं यंत्र असायचं, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट, मागे भविष्य. सासरे आईंना दरवेळी करायला लावत. एखादं तिकीट ठेवलं असतं तर कामाला आलं असतं.

दुसरं, सोबत आलेल्या माणसाला एक मिनिट वेगळं बोलवा. मुलगा असो, सून असो, शेजारीण असो, कामवाली असो. विचारा, काय बदललं, कधीपासून, काय करायचं सोडलं. "स्वभाव कसा आहे" असं विचारलं तर आम्ही लाजून "बरा आहे" म्हणणार. "काय करायचं सोडलं" विचारलं तर सांबारवडी बाहेर येते. आणि सून सांगते ते भांडण आहे की लक्षण आहे हे तपासल्यानंतर ठरवा. दोन दिवसांत एकदम बरळायला लागलेल्या माणसाला तर एक दिवसही थांबवू नका, लघवीच्या इन्फेक्शनपासून पक्षाघातापर्यंत काहीही निघतं, हेही मी आता गल्लीत सगळ्यांना सांगत फिरते. काही बायका मला डॉक्टरीणबाई म्हणतात, चिडवायला.

तिसरं, "वय झालं" हे शब्द शेवटी ठेवा. रक्त, सोडियम, कॅल्शियम, किडनी, लिव्हर, थायरॉईड, बी-१२, छातीचा एक्स-रे, तोंडात टॉर्च, गोळ्यांचा डबा. एवढं झाल्यावर म्हणा. सगळं पाहूनही साधारण चारांत एकाचं कारण हाती लागत नाही, असं वाचलं आहे. चालेल. तेव्हा "सापडलं नाही, दर महिन्याला वजन करून या" असं म्हणा. ते उत्तर मी घेतलं असतं, कारण त्यात कोणीतरी लक्ष ठेवून आहे एवढं तरी कळतं.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. दिवसाला साठ-सत्तर पेशंट, शंभर-दीडशे फी, बाहेर बाकड्यावर भांडणं, आणि धंतोलीच्या मोठ्या दवाखान्यांकडे पेशंट पळतो ही भीती. आमचीही चूक आहेच. आम्ही चार ठिकाणी फिरलो, एकाला दुसऱ्याचा कागद दाखवला नाही, अपमान होईल म्हणून लपवला. फाइल म्हणजे पिशवीतले चुरगळलेले कागदाचे बोळे. आणि ब्लाउज आत घेतलेला मी धुवायला टाकताना कितीदा उलटा केला असेल. टिपा माझ्याही डोळ्यांसमोर होत्या.

आईंना आधी गोळ्या दिल्या, मग ऑगस्टमध्ये किरणोत्सारी आयोडीनचा एक डोस. काही दिवस नातवाला जवळ येऊ द्यायचं नव्हतं, ते त्यांना आजारापेक्षा जड गेलं. दाराबाहेरून तो त्यांना शाळेतल्या गोष्टी ओरडून सांगायचा आणि अख्ख्या वाड्याला त्याच्या गणिताचे मार्क कळले. आता थायरॉईड उलटा कमी झाला म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी, आणि रक्त पातळ करायची एक. वजन ५४ आहे. सगळं परत आलं का? नाही. हिशेबात अजून गडबडतात, आणि सासऱ्यांचं दुःख थायरॉईडच्या गोळीने जाणारं नव्हतंच, ते आता सावकाश बाहेर येतंय. डिप्रेशन म्हणणारे डॉक्टर अर्धे बरोबर होते, हेही लिहून ठेवते.

पण मागच्या आठवड्यात त्यांनी माझं माप घेतलं. टेप गळ्यात, पेन्सिल कानावर. टेप ओढून म्हणाल्या, "काहून वं, तूच वाळून राहिली का आता? दोन इंच कमी आलं." मी म्हटलं, टेप सैल धरली तुम्ही. "पस्तीस वर्षं धरून राहिली मी टेप," म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं. तारीख घालून.

त्यांची पुढची तपासणी पंधरा तारखेला, आमच्या गल्लीतल्याच दवाखान्यात आहे. वजन घरी करून, चिठ्ठीवर लिहून आणते. तिथल्या काट्यावरही एकदा करून घ्यावं, म्हणजे दोन्ही काटे जुळतात का ते कळेल. आणि शक्य झालं तर माझंही.

आपली,
महालातली एक सून, नागपूर